पानाची पाटी आणि रडवणारं कपाट

रविवार, ३ मार्च, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. तारीख आणि वेळ नीट वाच, कारण त्याच क्षणी तू बांधलेल्या घरात तुझी मावशी रडली. (तक्रारीत आधी वेळ, मग कारण आणि संताप सगळ्यात शेवटी, असं आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर शिकवत. माझा संताप तेवढा वेळ थांबत नाही.)

चि. आर्किटेक्टसाहेबांस मावशीचे अनेक आशीर्वाद. तुम्हा सगळ्यांची प्रकृती उत्तम असणारच. माझं जुनं सागवानी कपाट तुमच्याकडे आहे ना! माझ्या प्रकृतीचं म्हणशील, तर डोळे लाल, घसा खवखवतो, आणि आज अकरावा दिवस मी हॉलमधल्या सोफ्यावर पाय दुमडून झोपते आहे.

झालं असं, की शाल काढायला मी बेडरूममधलं नवं पांढरं कपाट उघडलं आणि थेट माझी प्रयोगशाळा आठवली. एकतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. बरणीतल्या बेडकांशी माझी ओळख तुझ्या जन्माआधीची. तो वास मी झोपेतही ओळखेन. फॉर्मॅलिन! लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांतला गोंद महिनोन्‌महिने तो वायू सोडत बसतो, हे तुला कॉलेजात कुणी सांगितलं नाही? आम्ही बेडूक निदान मेल्यावर त्यात ठेवायचो. तू मला जिवंतपणीच ठेवलंस.

आणि खाली दाराशी काय, तर पितळी पाटी! हिरवं पान, त्याखाली ‘हरित इमारत’. (प्रमाणपत्र अजून मिळायचंय म्हणून वर चादर टाकली आहेस, पण चादर आखूड आहे.) नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! वीज वाचवण्याचे गुण मिळावेत म्हणून खिडक्या इतक्या घट्ट, की एक उघडायची तर अंगठा सुजतो. माझ्या बेडकांच्या बरणीचं झाकणही इतकं घट्ट बसत नसे.

खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी माझे डोळे पाहिले आणि मला जवळ घेऊन म्हणाल्या, “रडा मावशी, मोकळं रडा. आठवण येणारच.” आता काय सांगू? तुझे काका जाऊन नऊ वर्षं झाली. एवढे अश्रू मी तेव्हाही गाळले नव्हते. बिचाऱ्या रोज संध्याकाळी सूप घेऊन येतात. (सूप बरं असतं. तो मुद्दा वेगळा.)

परवा सोमवारी प्रमाणपत्रवाला तपासनीस आला. सगळ्या घरांत त्याचं हवा तपासायचं यंत्र गप्प होतं. माझ्या बेडरूममध्ये ठेवलं आणि ते कोकलायला लागलं. तो शुक्रवारी दुपारी बारा वाजता पुन्हा येणार आहे, आणि तेव्हाही आकडा असाच आला तर चादर पाटीवरच राहील. सोमवारीच संध्याकाळी इमारतीच्या बैठकीत मी उभी राहून सगळ्यांदेखत सांगितलं, की माझ्या भाच्याने सख्ख्या मावशीला हलक्या फळ्या वापरल्या. तुझी आई पहिल्या रांगेत बसली होती. तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

तेव्हा कपाट उद्याच्या उद्या हलव आणि लेखी माफी पाठव. गुरुवार, संध्याकाळी पाच. फोन चालणार नाही.

तुझी,
मावशी

ता.क. हे पत्र सुताराच्या हाती पाठवते आहे. लिहिता लिहिता त्याला दोन शब्द सुनावायला बोलावलं, तर तो म्हणाला, “बाई, साहेबांनी चांगल्याच फळ्या पाठवल्या होत्या. तुम्हीच परत केल्यात!” मग आठवलं. त्यांचा रंग भिजल्या पुठ्ठ्यासारखा होता, म्हणून मी त्याच्या ओळखीच्या दुकानातून या पांढऱ्याशुभ्र मागवल्या. वायू अडवायला आतून पत्रा चढवायचाही मीच नको म्हणाले, त्याने कपाट अरुंद होतं म्हणून. तसं लिहून सहीही केली आहे. तो कागद तुझ्या फाइलमध्ये आहे. तो कुठे पडला-झडला, तर मी तक्रार करणार नाही.

ता.ता.क. तुझ्या आईने मला आधीच बजावलं होतं, “पोराचं ऐक, स्वतःची अक्कल चालवू नकोस.” ताईला साठ वर्षांत एकदाही बरोबर ठरू दिलेलं नाही, आता या वयात कुठे? तेव्हा पांढरं कपाट ने, माझं सागवानी परत पाठव, आणि सोबतच्या चिठ्ठीत फक्त ‘मावशी, चूक माझीच’ एवढं लिही. सुवाच्य अक्षरात. ती चिठ्ठी मला ताईला दाखवायची आहे. गुरुवार, पाच वाजता; सव्वापाचला ती चहाला येते.