शंभरपर्यंतची प्रार्थना

विस्कॉन्सिन,
८ ऑगस्ट १९८८

ति. लोविनाताईस,
धाकट्या एमरीचा सप्रेम नमस्कार वि. वि.

तू आयडासाठी शिवलेली टोपी पोचली. तिनं ती घालून कोंबड्यांनासुद्धा दाखवून आणली. इकडे पावसाचा पत्ता नाही. मका एव्हाना डोक्यावर जायला हवा, तो अजून माझ्या कमरेला लागत नाही.

ताई, हे पत्र मी आपल्या भावंडांच्या फिरत्या पाकिटात न घालता वेगळं पाठवलंय, तेव्हाच तू काय ते ओळखलं असशील. पाकिटातलं तू, विल्मा, रोमनदादा, सगळेच वाचतात. हे फक्त तुझ्यासाठी आहे. वाचून झालं की चुलीत टाक.

मला प्रार्थना करता येत नाही. ऑरी गेल्यापासून, म्हणजे फेब्रुवारीपासून, एक शब्दही नाही.

एप्रिलात उपदेशक निवडायला चिठ्ठी टाकली तेव्हा तू इथे नव्हतीस. सात जणांची नावं आली होती. टेबलावर सात गीतपुस्तकं, दोरीनं बांधलेली, त्यातल्या एकातच चिठ्ठी. मी चौथं उचललं. बिशपनं दोरी सोडली आणि आत चिठ्ठी! बायकांच्या बाकांवरून वर्नाचा हुंदका ऐकू आला. पोराला पुरून नऊ आठवडे झाले होते. बाप्तिस्म्याच्या वेळी आपले सगळेच पुरुष शब्द देतात, की चिठ्ठी निघाली तर मागे हटणार नाही. मी हटलो नाही. आता मरेपर्यंत उपदेशक.

आता गंमत ऐक. जेवणाआधी सगळी डोकी खाली जातात आणि बापानं डोकं वर करीपर्यंत कुणी चमचा उचलत नाही. पण बापाच्या मनात काहीच चालू नसेल, तर त्याला कळणार कसं, की संपलं? म्हणून मी आकडे मोजतो. आधी तीसपर्यंत मोजायचो, तर वर्ना म्हणाली, इतक्यात झालं? तेव्हापासून शंभर. उपासनेतही तेच. सगळी मंडळी गुडघे टेकते आणि मी उठल्याशिवाय कुणी उठत नाही. दीडशे माणसं माझ्या आकड्यांपायी गुडघ्यांवर बसून राहतात, ताई! आणि परवा मंडळीचा कारभार बघणारा डीकन अ‍ॅल्व्हिन चारचौघांत म्हणाला, की एमरीसारखी खोल प्रार्थना या मंडळीत कुणाची नव्हती, चिठ्ठीनं माणूस अगदी बरोबर हुडकला. धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं मला.

गोठ्याच्या माळ्यावरून गवत खाली टाकायचं भोक आहे ना, त्याचं झाकण त्या दिवशी मी लावलं नव्हतं. गवत टाकलं, घोडा खिंकाळला, तसाच खाली उतरलो. ऑरी मला शोधत वर गेला. सात वर्षांचं पोर. हे मी सांगायला जातो, तर जो तो म्हणतो, देवाची इच्छा. वर्नासुद्धा. माझं वाक्य कुणी पुरं होऊ देत नाही.

२५ सप्टेंबरला प्रभुभोजनाआधीची सभा आहे. देवाशी आणि माणसांशी समेट आहे ना, हे बाकाबाकांतून फिरून विचारायचं काम आता माझ्याकडे. मी विचारायचं! त्याच दिवशी मी सांगून टाकणार, की माझा समेट नाही आणि हे काम मी सोडतो. मग काय होईल ते तुला सांगायला नको. शब्द मोडला म्हणून मंडळीबाहेर. वर्ना आणि पोरं एका टेबलावर जेवतील आणि मी दुसऱ्या. पण हे ढोंग आता सोसवत नाही.

तुझ्या लोभाचाच काय तो आधार,
एमरी


ओहायो,
१६ ऑगस्ट

चि. एमरीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

गाढवा, ऑगस्टमध्ये लिहिलंस? फेब्रुवारीत का नाही? सहा महिने माझ्याकडून टोप्या शिवून घेतल्यास आणि असलं काही बोलला नाहीस. पत्र वाचून मी सफरचंदं चिरता चिरता अंगठा कापून घेतला, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

तू म्हणतोस, ढोंग. मला तसं वाटत नाही. तू देवाशी अबोला धरलायस. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी मी इर्विनशी अकरा दिवस अबोला धरला होता. कशावरून ते सांगत नाही, ते त्याच्याबरोबर मातीत गेलं. पण त्या अकरा दिवसांत त्याचा एक सदरा बिनइस्त्रीचा राहिला नाही, आणि तोही रोज पहाटे मला न सांगता विहिरीचं पाणी ओढून ठेवायचा. अबोला कुणाशी धरतात रे? टपालवाल्याशी धरतात का?

सभेत घाईनं काही बोलू नकोस. एकदा तोंडातून शब्द गेला की तुझी पोरं वेगळ्या टेबलावर, एवढं ध्यानात ठेव. वर्नाला झाकणाचं नीट सांगितलंस का? तिला बसवून सांग.

तुझं पत्र अजून जाळलेलं नाही. चुलीपाशी दोनदा गेले, हात होईना. पण सुनेच्या हाती लागणार नाही असं ठेवलंय, निश्चिंत राहा.

वर्नाला आणि पोरांना माझ्या पाप्या. लोभ कमी करू नकोस,
तुझी ताई लोविना


ओहायो,
२७ ऑगस्ट

चि. एमरीस,
आशीर्वाद. वि. वि.

कसं लिहू? आधी लिहून टाकते, मग रडते. तुझं पत्र गेलं.

सून माझ्या शिवणाच्या डब्यात हात घालते, बायबलमध्ये हात घालते, म्हणून मी ते फिरत्या पाकिटात ठेवलं होतं. पाकीट माझ्याकडेच पडून होतं, माझं जुनं पत्र काढून नवं घालायचं बाकी होतं. मला वाटलं, त्यात कुणी बघणार नाही. मी दोन दिवस पीच डब्यांत भरायला बहिणीसारख्या शेजारणीकडे गेले आणि सुनेनं सासूवर उपकार म्हणून पाकीट विल्माच्या पत्त्यावर मिशिगनला पाठवून दिलं. एरवी तिला दहादा सांगावं लागतं!

मी त्याच दिवशी विल्माला लिहिलं, की पाकीट उघडू नकोस, परत पाठव. काल तिचं उत्तर आलं. तुला माहीतच आहे, विल्मा पाकीट तीन तीन आठवडे दाबून ठेवते आणि आपण सगळे तिला टोमणे मारतो. तर या खेपेला म्हणे तिला लाज वाटली, आणि तिनं स्वतःचं पत्र खरडून, बाकीचं न वाचता, दुसऱ्याच दिवशी पुढे पाठवलं. पुढे म्हणजे रोमनदादाकडे. बावीस वर्षांत पहिल्यांदा, एमरी!

शेजारी फोन आहे, पण करू कुणाला? दादानं घरात फोन ठेवला असता तर मंडळीनं त्याला बिशप कसा होऊ दिला असता? त्यालाही लिहिलंय, की एमरीचा निळसर कागद दिसला तर वाचू नकोस. आता तो वाचणारच, हेही मला कळतं.

मी चुकले रे. जाळायचं ते जपलं. मला दोन शिव्या घाल, पण पत्र लिहायचं थांबवू नकोस.
ताई


विस्कॉन्सिन,
५ सप्टेंबर

ति. ताईस,
नमस्कार वि. वि.

जाळ म्हणालो होतो. चुलीत टाक, एवढे दोनच शब्द होते.

चार दिवस मला तुला लिहावंसं वाटलं नाही. काय करतोय ते सांगतो. दुरुस्त केलेलं कुंपण परत दुरुस्त करतोय. माळ्याच्या भोकाला मी नवं झाकण केलंय, बिजागरीचं, आपोआप बंद होणारं. ते दिवसातून तीनदा उघडून बघतो, मिटतं का. रस्त्यावर एखादी मोटार फाटकापाशी हळू झाली की हातोडा खाली ठेवून बघत राहतो. वाटतं, गाडी भाड्यानं करून दादाच आला. ऑरीच्या दफनाला तोच बोलला होता. त्याच्यासमोर मी आजवर कधी मान वर केली नाही, आणि आता त्याच्या हातात माझा कागद.

वर्नाला सांगितलं. झाकणाचं. पुरं सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत होतं, मी त्याच दिवशी वर जाऊन पाहिलं होतं. तिला सगळं माहीत होतं, ताई, आणि ती सात महिने देवाची इच्छा म्हणत राहिली, मला वाचवायला. मग आम्ही दोघं दूध काढायचं सोडून गोठ्यात बसून राहिलो. गाईंनी बोंब ठोकली तेव्हा उठलो.

तुझं म्हणणं डोक्यातून जात नाही. टपालवाल्याशी अबोला धरत नाहीत, खरं आहे. पण इर्विन पाणी तरी ओढून ठेवायचा. इथे पाऊससुद्धा नाही.

अजून शंभरच मोजतोय. सभेचा विचार बदललेला नाही. बाकी दिवस वीस.

राग आहे, पण तो घरातलाच समज.
एमरी


इंडियाना,
१४ सप्टेंबर

चि. एमरीस,
रोमनचे आशीर्वाद. वि. वि.

माझ्या नावावर नसलेलं पत्र मी वाचलं. पहिल्या ओळीतच कळलं होतं की ते माझं नाही. तरी शेवटपर्यंत वाचलं. मला क्षमा कर. येत्या रविवारी इथल्या मंडळीसमोर मी हा दोष कबूल करणार आहे. तुझं नाव घेणार नाही.

दुसरी क्षमा. ऑरीच्या दफनाला तू मला काही सांगायला तोंड उघडलं होतंस. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि देवाची इच्छा म्हणून तुला गप्प केलं. मला ऐकायचं नव्हतं म्हणून मी तसं केलं.

झाकण तू लावलं नव्हतंस. ते तुझ्याकडून राहिलं. आपल्या घरचं तसलंच झाकण मी लहानपणी किती वेळा उघडं टाकलं असेल, आणि बाबांनी किती वेळा. आपल्यातलं कुणी पडलं नाही. का पडलं नाही, ते मला माहीत नाही. तीस वर्षं उपदेश करतोय, अजून माहीत नाही. देवाला रोज विचारतो. तोही मला गप्पच करतो. मी तरी दुसऱ्या दिवशी परत जातो, कारण दुसरीकडे जायला मला जागा नाही.

तू शंभर मोजतोस. मोज. पण नुसते आकडे कशाला? एकेका आकड्याला तुझ्या मंडळीतला एकेक माणूस दे. पुढच्या बाकापासून सुरुवात कर. प्रार्थना येत नसेल, नावं तर येतात ना?

सभेत काय बोलायचं ते तुझं तू ठरव. खोटं बोलू नकोस, एवढंच सांगतो.

पाकीट सोबत आहे आणि त्यात तुझं पत्रही. चुलीत टाकायचं तर तू टाक. लोविनाला फार बोलू नकोस, तिनं मला तीन पत्रं लिहून आधीच पुरेसं पिडलं आहे.

तुझा भाऊ,
रोमन


विस्कॉन्सिन,
२६ सप्टेंबर

ति. लोविनाताईस,
एमरीचा सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझ्यावरचा राग पार गेला. आता ऐक.

दादाचं पत्र शनिवारी आलं, सभेच्या आदल्या दिवशी. वर्नानं दोनदा वाचलं. मी पाचदा. दादा क्षमा मागतोय, हे अक्षर त्याचंच का, म्हणून मी जुन्या पत्राशी ताडून पाहिलं, हसू नकोस.

काल सभा अ‍ॅल्व्हिनच्या घरी होती. माझा उपदेश कोरडाच झाला, मक्यासारखा. मग सगळी मंडळी गुडघ्यांवर. मी मोजायला लागलो. एक, अ‍ॅल्व्हिन, त्याचा गुडघा सुजलाय तरी टेकतो. दोन, त्याची आंधळी आई. तीन, चार, पाच, असं बाकाबाकांनी. ज्याच्याशी मी बोलतसुद्धा नाही तो सुतार मेल्विन, त्याचंही नाव घ्यावं लागलं, कारण त्याच्यावाचून आकडा पुढे जाईना. मग पोरांच्या बाकावर आलो. मेनोचा धाकटा, डेनिसची जुळी. आणि त्यांच्या शेजारी ऑरी बसायचा. आकडा होता एकाहत्तर. जागा सोडून पुढे जायचं ठरवलं होतं मी, पण ऑरीचं नाव आपोआप निघालं.

आणि ताई, मी बोलायला लागलो. प्रार्थना म्हणावी असं त्यात काही नव्हतं. झाकण मी लावलं नाही, मी, मी, असं किती वेळा म्हणालो. मग म्हणालो, पण तू कुठे होतास? तू तर तिथे होतास ना? माझ्या पोराला एक हाक मारता आली नाही तुला? भांडलो नुसता. सात महिन्यांचं साचलेलं. उत्तर आलं नाही, दादा म्हणाला तसंच. पण समोर कुणी आहे, एवढं मला कळत होतं. रिकाम्या खोलीशी इतकं भांडता येत नाही.

शेवटी एक तान्हं रडलं आणि अ‍ॅल्व्हिन दोनदा खाकरला. उठलो तेव्हा माझा सदरा पुढून ओला होता. लोक गुडघे चोळत होते.

मग बिशपनं आधी आम्हा उपदेशकांना विचारलं, देवाशी समेट आहे ना? मी म्हणालो, नाही. समेट झालेला नाही, पण बोलणं सुरू झालंय, अर्ध्या तासापूर्वी. मग झाकणाचं सांगितलं, आणि आकड्यांचंही. वाक्य पुरं केलं. मध्ये कुणी बोललं नाही. अ‍ॅल्व्हिननं खाली मान घातली, बिचारा. काम सोडतो, असं म्हणायला तोंड उघडलं, तर बिशपनं हात वर केला. म्हणाला, ज्याचं देवाशी बोलणं चालू आहे त्याला आम्ही बाहेर काढत नाही, आणि सोडूही देत नाही. सोळा ऑक्टोबरला प्रभुभोजन आहे. सकाळचा उपदेश माझाच.

तेव्हा टेबल एकच राहिलं. परत येताना गाडीत वर्ना माझा हात धरून बसली होती, पोरांदेखत.

पत्र मी जाळलेलं नाही. माझं नवं पत्र घालून, तेही पाकिटातच ठेवलंय, तुझ्याकडे येतंय. या वेळी विल्मानंही वाचावं. सुनेला हवं तर तिलाही दे.

पाऊस अजून नाही. आज दुपारी नूडल्सचं सूप पार गार झालं. आयडानं टेबलाखालून मला लाथ मारली तेव्हा कुठे मी डोकं वर केलं. किती झाले होते, कोण जाणे. एकाहत्तरच्या पुढे मी अजून गेलेलो नाही.

लोभ होता तसाच असू दे,
तुझा एमरी