शेवट आधी वाचणारी मावशी

ती. ताई,
तुला वाकून केलेला नमस्कार आवडत नाही, म्हणून इथूनच हात जोडते.

आम्ही बऱ्या आहोत. हे पूर्ण खरं नाही, पण खोटंही नाही. लेकीचा ताप उतरला. केस गेल्यावर आरशात बघून म्हणाली, "हुबेहूब आजोबा! फक्त मिशा राहिल्या." आईचे गुडघे कसे आहेत? तिला हे मिशांचं सांग, बाकीचं नको.

फोन लेकीच्या उशाशीच असतो, बोललेलं तिला ऐकू जातं, म्हणून लिहिते आहे. हॉस्पिटलातल्या सिस्टरनी तिला एक कादंबरी दिली. तिच्याच वयाच्या, तिच्यासारख्याच आजारी मुलीची. लेक म्हणाली, "मावशी आधी शेवट वाचते आणि मगच पुस्तक हातात देते. ती नाही, तर तू वाच."

मी वाचला. ताई, ती मुलगी शेवटी जाते.

"काय गं, कसा आहे?"

"झोप येत होती, नीट वाचलाच नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. "राहू दे. मावशीच पुस्तक मिळवून वाचेल."

पुढच्या रविवारी तुझा फोन आला की ती तुला विचारेल. खोटं सांग, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. खरं सांग, असंही म्हणवत नाही. तूच ठरव. मी तेव्हा खोलीत थांबणार नाही, जिन्यात बसेन. तिचं झालं की फोन ठेवू नकोस. मला बोलवायला सांग. इथे मला नावाने हाक मारणारं कुणी नाही.

तुझीच,
धाकटी