पहिल्या रात्री कोण कोण होतं

३ ऑक्टोबर
योव्हाना टीचर दुकानात आली. आमच्या टेकडीवरच्या वस्तीचा इतिहास म्हणे आता पोरं वर्गातल्या मोठ्या स्क्रीनवर बोट लावून उघडणार! लोकांनी ऑनलाइन फॉर्म भरायचा — वर्ष, काय घडलं, कोण कोण होतं — की नोंद आपोआप काळाच्या रेघेवर ठिपका होऊन बसते. ज्यांना जमत नाही त्यांचं मी टाइप करायचं. चार कॉम्प्युटरचं दुकान माझंच, नाही कसं म्हणणार?

जाता जाता म्हणाली, "वर्धापनदिनाला पहिल्या रांगेत कोण, तेही यंदा रेघेवरूनच ठरवू. वाद नको."

पहिली रांग फक्त पहिल्या रात्रीच्यांची. चौऱ्याऐंशी साली लीमा शहरातून येऊन ज्यांनी अंधारात चटयांच्या झोपड्या रोवल्या आणि ही वाळूची टेकडी ताब्यात घेतली, त्यांची. मी त्या रांगेत वीस वर्षं बसतोय.

६ ऑक्टोबर
बेकरीवाला एलाडिओ: "लिही, पहिल्या रात्री मी हजर."
"तुझा जन्म पंच्याऐंशीचा ना?"
"आईच्या पोटात होतो. म्हणजे होतोच की!"
लिहिलं.

९ ऑक्टोबर
टीचरचा फोन. पहिल्या रात्रीवर तीनशे चौदा माणसं! तो ठिपका उघडला की स्क्रीनच अडकते. पुढची अडतीस वर्षं कोरी. नळ आला, वीज आली, ते आणायला कुणीच नव्हतं जणू.
"एवढ्या चटया होत्या का हो?"
"वारा होता, मोजता आल्या नाहीत," मी म्हटलं.

१२ ऑक्टोबर
दोन्या तिओदोसिया आली; दोन्या म्हणजे आमच्याकडे मानाने बाईसाहेब. ऐंशीची बाई, टेकडीवर तिचा शब्द शेवटचा. "टीचर म्हणाली, त्या रात्रीचं बाकी सगळं पुसते, तुमचं तेवढं ठेवते. लिही." डोळे मिटून नावं सांगितली. अकरा. माझं नाही.
"झालं?"
"झालं, दोन्या."
बारावं मी घातलं. तिला कुठे वाचता येतंय!

१३ ऑक्टोबर
जेवण अर्धं टाकून उठलो. बायको म्हणते, मिरची कमी पडली असेल.

२८ ऑक्टोबर
वर्धापनदिन. शाळेचं अंगण भरलेलं. दोन्याने ठिपक्यावर बोट टेकवलं, चष्मा लावला — आणि स्वतः वाचायला लागली! अक्षर-अक्षर लावून. अकरा नावं झाली. थांबली. मी बुटांकडे बघत बसलो.
"नेमेसिओ," तिने वाचलं.
टाळ्या! मग बसलोच पहिल्या रांगेत, करतो काय? ती शेजारी. टाळ्या वाजवत पुटपुटली, "साठाव्या वर्षी वाचायला शिकले मी. सगळ्या टेकडीचं ऐकतोस, एवढंच कसं राहिलं रे?"

२९ ऑक्टोबर
दुकान उघडायच्या आधी एक फॉर्म भरला, स्वतःचा. वर्ष: १९८९. काय घडलं: नेमेसिओ बायको-पोरांसह आला, सगळ्यांनी हाकललं. कोण होतं: दोन्या तिओदोसिया. तिने आपल्या हद्दीचे दगड आत सरकवून आम्हाला जागा करून दिली.
पाठवला.