दूर्वांच्या गवतातला ताप

नजरबाद, म्हैसूर
२० ऑक्टोबर २०२४

चि. मधुमिता हिस अंबुजाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. शिमोग्यात पाऊस थांबला असेल, कपडे वाळत असतील. नावाआधी ‘सौ.’ घालायला हात सवयीने गेला, मग थांबला. तुझ्या नि हर्षाच्या घटस्फोटाच्या कागदांवर जूनमध्येच सह्या झाल्या, पण हाताला ते अजून कळत नाही. राग मानू नकोस.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर हे शेजारी बसून मी काय बोलायचं ते मलाच शिकवतात. आणि हर्षा घरी आला असला तर तो उठून गॅलरीत जातो. पत्राचं बरं असतं. आपल्या हर्षाला देवनागरी अडखळत वाचता येते, आणि माझं अक्षर तर मुळीच नाही. हे टेबलावर उघडं पडलं तरी काळजी नाही.

आधी तब्येत सांगते, नाहीतर तू पुढचं वाचणार नाहीस. ताप परत आलेला नाही. तोंडाला चव आली. काल सार-भात दोनदा वाढून घेतला. जिना चढले की धाप लागते, पण ती आधीही लागायचीच. गोळ्यांचा कोर्स तू सांगितलास तसा पुरा केला, एकही चुकवली नाही.

आता झालं ते. तुला सगळं ठाऊक आहे, पण त्यातला माझा भाग ठाऊक नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मंडी मोहल्ल्यातल्या दूर्वा बघितल्या, सगळ्या माना टाकलेल्या. मग शेजारची सुमा आणि मी रिक्षाने रिंग रोडपलीकडच्या मोकळ्या साइटवर गेलो. तिथं गरिके, म्हणजे आपल्या दूर्वा, नुसत्या हिरव्यागार. सुमा उभ्यानं खुडत होती, मी मात्र आरामात फतकल मारून बसले. एकवीस जुड्या झाल्या तरी उठवेना. मोठी भक्तीण ना मी! तिथंच तो तुझा डोळ्यांना न दिसणारा किडा चावला असणार.

पुढं कमरेवर एक काळी खपली धरली. परकराच्या नाडीचा काच असेल म्हणून मी खोबरेल आणि हळद लावली. दुखतही नव्हती. मग ताप आला, डोकं फुटायला लागलं. डॉक्टर शरतने विचारलं, अंगावर कुठं जखम, पुरळ काही? मी सरळ ‘इल्ला’, काही नाही, म्हटलं. अगं, तो शरत आपल्या अंगणात चड्डी घसरत असताना खेळलेला. त्याच्यासमोर मी कंबर उघडी करू? त्या बिचाऱ्याने रक्त तपासलं. डेंगी नाही, मलेरिया नाही, टायफॉइडची रेघ पुसटशी आली, म्हणून मला दवाखान्यात ठेवून त्याची इंजेक्शनं सुरू झाली. ताप काही हलेना. माझ्या लाजेपायी मी मेले असते मधू, हे मी अजून ह्यांनाही सांगितलेलं नाही.

तुला रिपोर्टांचे फोटो ह्यांनी पाठवले ते निव्वळ सवयीनं. कॉलेजात जंतू शिकवणारी तू, एवढी वर्षं घरातला प्रत्येक रिपोर्ट तूच वाचायचीस. पाठवल्यावर त्यांना आठवलं, आणि ते घाबरून मोबाइल उशीखाली घालून बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी तू वॉर्डाच्या दारात.

तू आणि हर्षा वॉर्डाबाहेर बोलत होतात ते मला ऐकू येत होतं. दोघं एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणत होतात. तापापेक्षा ते जास्त लागलं.

मग तू सगळ्यांना बाहेर घालवलंस, पडदा ओढलास आणि म्हणालीस, “लाजू नका, डोक्यापासून पायापर्यंत मी बघणारच आहे.” मी नको नको करत होते, तू ऐकलं नाहीस. नाडी सोडलीस आणि वाकून जवळून बघितलंस. उदबत्तीचा चटका बसावा तेवढासा तो डाग, त्या किड्याच्या चाव्याची खूण. तू हसलीस की रडलीस ते मला त्या ग्लानीत नीट कळलं नाही. शरतही गुणी पोरगा, तुझं ऐकून लगेच औषध बदललं. तिसऱ्या सकाळी मी कॉफी मागितली.

नर्स फॉर्म भरत होती तेव्हा मी डोळे मिटून होते, झोपले नव्हते. तिनं तुला विचारलं, पेशंटच्या तुम्ही कोण? तू हळूच म्हणालीस, “सोसे.” सून. मी तशीच पडून राहिले, कानाशी उशी ओली झाली.

बरी होत असताना तू सांगितलेलं सगळं मला आवडलं. डेंगीचा विषाणू धड जिवंत म्हणावा की नाही असा, मलेरियाचा जीव डासाच्या पोटात अर्धा संसार करणारा, उंदरांच्या तापाचा जंतू स्क्रूसारखा पीळदार. आणि माझा तो, आपल्याच पेशींच्या आत घर करून बसणारा, म्हणून रक्ताच्या बाटलीत वाढतच नाही. वर दही लावणारे, इडलीचं पीठ फुगवणारे, ते वेगळेच. ताप बघावा तर त्या पहिल्या चौघांचा एकसारखाच. मी देवाला नमस्कार करताना हल्ली त्या दह्यातल्यांनाही करते. हे हसतात, हसू देत.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते लिहिते. दोनदा कागद बाजूला ठेवला होता.

हर्षाचं ठरलंय. मुलगी अमूल्या, बँकेत आहे, स्वभावाने चांगली वाटते. लग्न मार्गशीर्षात. तिच्या घरच्यांचं म्हणणं पडलं, पहिली सून घरी येत-जात राहिली तर बरं दिसत नाही. हर्षाने गेल्या रविवारी मला ते सांगितलं. ओरडून नाही, खाली मान घालून. तुझ्याशी संबंध कमी कर म्हणाला. तुमच्या दोघांत काय बिनसलं ते मला आजही ठाऊक नाही, मी विचारणारही नाही. पण मी त्याला म्हटलं, “लग्न तुझं मोडलं. माझं तिच्याशी काहीच मोडलेलं नाही.”

तो जेवला, ताट उचलून ठेवलं आणि गेला.

एक गोष्ट मात्र मी कबूल केली, ती तुला सांगायलाच हवी. तू यापुढं या घरी यायचं नाही. ती पोर नवीन येईल, तिला तिच्या घरात अवघडल्यासारखं नको व्हायला. हे लिहिताना मला किती जड गेलं ते तुला कळेल. तुला न सांगता परस्पर कबूल केलं, त्याबद्दल हवं तर मला रागाव.

पण मी कुणाकडं जायचं नाही, असं मी कुणालाही कबूल केलेलं नाही. पुढच्या शुक्रवारी सकाळच्या गाडीनं मी शिमोग्याला येतेय. एकटी. हे रुसलेत, पण तिकीट त्यांनीच काढलं. स्टेशनवर ये, बॅग जड असेल. तुझी खोली लहान आहे म्हणालीस, मला जमिनीवर गादी चालते. तू कॉलेजला जा, मी स्वयंपाक करीन. तुझ्यामुळे मला पुढचे दिवस मिळालेत मधू, त्यातले पहिले आठ मी तुझ्याकडं काढणार आहे.

तुझ्यामुळे जिवंत असलेली,
अंबुजा