ठमीचा जाहीर पाठिंबा

३ मार्च
आजपासून अन्नत्याग. आमच्या कुत्रीचं, ठमीचं, गर्भाशय काढून टाकायचं हिने परस्पर ठरवलं. डॉक्टरीणबाईंकडून पुढच्या आठवड्याची तारीखही घेऊन मोकळी. नवरा या घरात शोभेला ठेवलाय का? धडधाकट जनावराचं पोट फाडू देणार नाही. सही तर मुळीच करणार नाही. तारीख रद्द होईपर्यंत फक्त पाणी. हिला तसं सुनावलं. बरं म्हणाली आणि माझं ताट उचलून ठेवलं.

संध्याकाळ. दोन बिस्किटं. बिस्किट म्हणजे अन्न नव्हे.

४ मार्च
ठमी माझ्या बाजूने! सकाळपासून खाण्याला तोंड लावलेलं नाही. फक्त पाणी. मुक्या जनावराला कळतं, शिकलेल्या बायकोला कळत नाही. हिचं म्हणणं, ठमी फारच पाणी पितेय, घरातच शू करतेय, आजच दाखवून आणू. डाव ओळखला. गाडीची किल्ली माझ्या उशीखाली.

६ मार्च
ठमी दिवसभर कोपऱ्यात पडून. शक्ती वाचवतेय. मीही दोनदा झोप काढली. तिला उलटी झाली. रिकाम्या पोटी पित्त खवळणारच, मलाही जळजळ आहे. (बिस्किटांचा पुडा संपला, तो भाग वेगळा.) हिला ठमीचं पोट फुगल्यासारखं वाटतंय. म्हटलं, उपाशी राहून कुणाचं पोट सुटतं का? हिने माझ्या पोटाकडे पाहिलं. मी विषय बदलला.

हिने नेटवर काहीबाही वाचलंय. माज येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी गर्भाशयात पू होतो म्हणे. ठमीचा माज गेल्याच महिन्यात संपला. योगायोग. झुकणार नाही.

७ मार्च
सकाळी ठमीने पाणीही सोडलं. निर्जळी! मला एवढं जमलं नसतं. हाक मारली तर शेपटी हलली, तीही अर्धीच.

दुपार. उभं केलं तर मागचे पाय टेकेनात. किल्ली सापडेना. सगळं घर उलटंपालटं केलं. उशीखालीच होती.

८ मार्च
काल गाडी मीच चालवली. ही मागे, ठमीला मांडीवर घेऊन. भांडली असती तर बरं झालं असतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भाशय पुवाने भरलंय. तोंड बंद, म्हणून बाहेर काही दिसलं नाही. विष रक्तात उतरलंय, मूत्रपिंडांवर ताण आलाय, तहान त्याचीच. ऑपरेशन आत्ताच, पण वाचेलच असं सांगता येत नाही. त्यांनी कागद पुढे केला. न वाचता सही केली. आणखी कुठे हवी असेल तर तीही करतो म्हणालो.

९ मार्च
वाचली. सलाईन लावलंय. ही म्हणाली, घरी जाऊन जेवून घे. गेलो नाही. तारीख रद्द झालेली नाही, तेव्हा माझं उपोषण तत्त्वतः चालूच आहे. दवाखान्यात पिंजऱ्यापाशी जमिनीवर बसलोय.

आत्ताच हिने ठमीला चमच्याने भरवलं. ठमीने आधी हुंगलं, मग चमचासुद्धा चाटून पुसून साफ केला. ती माझ्यासाठी उपाशी नव्हतीच. तिला दुखत होतं, आणि मी तिला रोज शाब्बास म्हणत होतो.