फिल्टर साफ आहे, दादा

हिंगणी

प्रिय दादा,

आज सकाळी आपल्या ट्रकमध्ये डिझेलचा नवा फिल्टर घातला. अगदी तू शिकवलंस तसा. फिल्टरची वाटी उतरवून घासलेटनं धुतली, कापडानं पुसली नाही, वाऱ्यावर वाळू दिली. वॉशर नवा लावला. मग स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेलच्या नळीतली हवा काढली. पाऊण तासाचं काम. पाऊण तास, दादा! तेवढ्यासाठी तू गेलास.

दुपारी घरी आलो तर रोहण्याहून वहिनीचा भाऊ आलेला. वहिनी त्याला सांगत होती की त्या दिवशी नामानं उन्हात जीव तोडून गाडी चालू केली, भाऊ असावा तर असा. सांगता सांगता तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकर वाढली. मी ती खाल्ली. म्हणून हे पत्र लिहायला बसलोय. तिला सांगायचं आहेच, पण आधी तुला सांगायला हवं, कारण खोटं मी आधी तुझ्याशी बोललो.

होळीनंतर तू मला फिल्टर आणायला नागपूरला धाडलंस, आठवतं? डिझेलच्या गाड्या आपल्याकडे नव्या, त्यांचं सामान वर्ध्यात मिळेना. मी गेलो तर दुकान बंद. दुसऱ्या दिवशी उघडणार होतं. मी थांबलो नाही. काऊन, म्हणशील. कंटाळा केला, दुसरं काही नाही. तू दुसऱ्याच्या गाडीवर जंगलात लाकडाच्या खेपेला गेला होतास. मी जुना फिल्टर फेकला आणि सिंदीच्या जिनात सरकी काढलेला मूठभर कापूस वाटीत कोंबला.

आपल्या भागातले निम्मे ड्रायव्हर तेच करायचे. घरात कापूस असताना फिल्टरला नागपूरला कोण जाणार? तू मात्र ट्रकच्या अड्ड्यावर सगळ्यांशी भांडायचास. कापूस भिजला की त्याचा लगदा होतो आणि डिझेल अडतं, हे तुझं पाठ झालेलं बोलणं. परत आल्यावर तू विचारलंस, बदलला का? मी हो म्हटलं.

तूही असा कसा रे होतास, की चूक सांगायची भीती वाटावी? हात कधी उचलला नाहीस, पण तीन तीन दिवस अबोला धरायचास. एक थोबाडीत दिली असतीस तर परवडलं असतं. हे मी तुझ्यावर ढकलत नाही. थोडंसं ढकलतोय.

वैशाखात तुझं पोट दुखायला लागलं. दोन दिवस तू ओवा खाऊन काढलेस. तिसऱ्या दिवशी पोट फुगून कडक झालं, तेव्हा तुला गाडीत घातलं. केबिनमध्ये वहिनीच्या मांडीवर तुझं डोकं, आणि मी वर्ध्याच्या दवाखान्याकडे निघालो. दोन मैलांवर चढ लागला, गाडी धापा टाकायला लागली आणि बंद पडली. मी उतरून हवा काढली. ती फर्लांगभर चालली, पुन्हा बंद. पुन्हा हवा काढली.

"नाम्या, हवा नाई ते," तू आतून म्हणालास. "दम कोंडून राह्यला तिचा. फिल्टर खोल."

मी बॉनेटच्या आड उभा होतो. वाटी खोलली की कापूस निघणार, तुला कळणार, आणि तुझ्या शेजारी बसलेल्या वहिनीलाही कळणार. अशा वेळी मला लाज सुचली! मी म्हणालो, "खोलला दादा. साफ आहे."

तू पुन्हा विचारलंस. मी पुन्हा तेच सांगितलं. मग टाकीचं झाकण उघडून पाहिलं, नळी तोंडानं फुंकली, तोंडात डिझेल गेलं, ओकारी आली. वहिनीनं पाहिलं ते हे. ती माझ्या अंगावरचा घाम पाहत होती आणि मी नको तिथेच पाना चालवत होतो. दोन तास.

शेवटी एक बैलगाडी आली. वहिनीनंच ती थांबवली. आम्ही तुला तिच्यात ठेवलं, वहिनी सोबत बसली. बैलगाडी वळणाआड गेली आणि मी वाटी खोलली. आत काळा गोळा होता. तो काढला, वाटी तशीच रिकामी बसवली, हवा काढली. इंजिन एका झटक्यात लागलं.

सेलूच्या अलीकडे तुम्हाला गाठलं. तुला परत केबिनमध्ये घेतलं तेव्हा तू डोळे उघडलेस. इंजिनाचा आवाज ऐकत होतास.

"काय निघालं?"

"हवा होती," मी म्हणालो.

तू पुन्हा कान देऊन ऐकलंस. मग म्हणालास, "मले फिल्टर वाटला. कानच गेला माहा."

त्यानंतर तू बोलला नाहीस. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आतडं फुटलंय, दोन तास आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. वहिनी म्हणाली, देवाची मर्जी. 

दादा, तू गेलास याचं दुःख आहेच. पण तुझं ते शेवटचं वाक्य मला जगू देत नाही. दूरवरून येणारी गाडी ऐकून तिचा डिझेल फवारणारा कोणता नोझल बिघडलाय ते सांगणारा माणूस तू. जीव तर माझ्यामुळे गेलाच, पण जाताना स्वतःच्या कानावरचा भरवसाही गमावून गेलास.

वहिनीचा भाऊ उद्या जाणार आहे. तो घरात असतानाच मी तिला सगळं सांगेन, म्हणजे मला मागे सरता येणार नाही. ती मला घराबाहेर काढील. काढू दे. मग अड्ड्यावर जाईन आणि तुझ्याशी हुज्जत घालणाऱ्या एकेका ड्रायव्हरला सांगेन. हे मी करणार, दादा. यावेळचं माझं "हो" खरं आहे.

पण आधी तुला. हवा नव्हती, दादा. फिल्टरच होता. तू बरोबर ऐकलं होतंस.

तुझा धाकटा,
नामा