पुस्तिकेतला हसरा आमोद

खडकी, मंगळवार

ती. मंदाकिनीताईस,

दीनानाथचा नमस्कार. गुडघा कसा आहे? (भावोजींना विचारलं की ते ‘उत्तम’ म्हणतात, गुडघा त्यांचा नाही.) फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र.

तुझ्या भाचीच्या अ‍ॅडमिशनपायी डोकं फिरलंय. मी म्हणतो सॉफ्टवेअर, स्वराली म्हणते डिजिटल मीडिया. सॉफ्टवेअरचे चार वर्षांचे बारा लाख, मीडियाचे तीन वर्षांचे पाच. बारावीची परीक्षा झाल्यापासून ती एका जाहिरातवाल्याकडे जाते आणि संगणकावर चित्रं सरकवते. त्यासाठी कॉलेज कशाला? सॉफ्टवेअरवाल्यांची माहितीपुस्तिका मात्र बघत राहावी अशी. वर आमोद नावाचा हसरा मुलगा, खाली ‘आमोदला नोकरी लागली, आता तुमची पाळी!’ मी ती शोकेसमध्ये ठेवली. स्वराली म्हणाली, “बाबा, त्या पुस्तिकेवर जाऊ नका.” मी झापलं, तुला काय कळतं त्यातलं?

तरी एकतीस वर्षं दारूगोळा फॅक्टरीत तपासनीस होतो. पुरवठादाराने पुढे केलेला नग आम्ही कधी पास केला नाही. लॉटमधून आपल्या हाताने उचलायचा. तोच नियम लावला. तीन दिवस सकाळी हिंजवडीच्या थांब्यावर उभा राहून कंपनीच्या बसमधून उतरणारा दर दहावा मुलगा थांबवला. कॉलेज कुठलं, फी किती, पगार किती? (पगार कोणी सांगत नाही. एकाने तर मला वाट चुकलेला म्हातारा समजून रिक्षात बसवलं.) त्या कॉलेजचा एकही सापडला नाही. मग थेट कॉलेजात जाऊन आमोदचा पत्ता मागितला. तर अ‍ॅडमिशनच्या खोलीत आमोदच! नोकरी लागली होती हे खरं, पण तिथेच, पालकांना फोन करायची. मला रोज “सर, सीट्स भरत आल्यात” म्हणणारा तोच. मी इतका ओरडलो की त्याने पाणी आणून दिलं आणि हळूच म्हणाला, “काका, मुलीला इथे नका टाकू. मी सांगितलं म्हणू नका.”

मीडियाच्या कॉलेजातही गेलो. पुस्तिका म्हणजे दोन झेरॉक्स कागद. सहा माजी मुलं गाठली: तिघं नोकरीत, दोघं लग्नांचे व्हिडिओ कापतात, एक घरी बसलाय. पगार मात्र सगळ्यांनी सांगितला, घरी बसलेल्यानेसुद्धा. तात्पर्य, दोन्ही लॉट नापास. पोरीने मुकाट बी.कॉम. करावं. हा माझा शेवटचा शब्द.

तुझा,
दीना

ता.क. पाणी पिताना आमोदला विचारलं, एवढी देखणी पुस्तिका केली कोणी? म्हणाला, जाहिरातवाल्याकडची एक मुलगी आहे, स्वराली नावाची. ताई, सख्ख्या बापाला बारा लाखांचा चेक लिहायला बसवलं होतं तिने! राग आला, आणि घरी येईपर्यंत ऊर भरून आला.

ता.ता.क. मीडियाची फी आजच भरली. पावती माझ्या खिशात आहे. पण पंधरा दिवस ‘नाही’ म्हणून बसलोय, आता कुठल्या तोंडाने सांगू? पत्र मिळताच घरी फोन कर आणि तूच मला तयार केलंस असं दाखव. स्वरालीला खरं वाटावं म्हणून मी स्पीकर चालू ठेवेन. मला चार शब्द सुनाव. नेहमीचेच चालतील.